ढोबळे मॅडम आणि तीन पेडाची वेणी

माझ्या बापाला वेणी घालायला शिकवणारी बाई आज सकाळी गेली.

ढोबळे मॅडम. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे गावच्या आमच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायच्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नववीत होते. आमचं गाव सिंदीपासून जवळच, सायकलनं शाळेत यायचे.
शाळेचा नियम कडक होता. दोन वेण्या, लाल रिबिनी, वर बांधलेल्या.

त्या वर्षी आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेतात कापूस फुटलेला, त्यामुळे बाबा दिवसभर तिकडे.
म्हणजे पाणी मी, भाकरी मी, धाकट्या भावाची अंघोळ मी.
वेणी घालायची आई. ती झोपून. मग मी कशीतरी एकच वेणी घालून शाळेत जायला लागले. तीही वाकडी.

पीटीच्या सरांनी बाहेर उभं केलं.
ढोबळे मॅडम व्हरांड्यातून जात होत्या. थांबल्या. वेणी पाहिली.
"आई बरी आहे ना ग?"
मी म्हटलं, "हो."
संध्याकाळी त्यांची मोपेड आमच्या अंगणात.

आता आमच्याकडे शिक्षक घरी येणार म्हणजे एकच अर्थ. पोरानं काहीतरी दिवे लावले.
बाबांनी बैलं बांधता बांधता हात जोडले. "काय केलं हो मॅडम पोरीनं?"
"काही नाही केलं भाऊ. म्हणून तर आली."

बाबांना ते पटलंच नाही. गावासमोर बोलणी खाण्यापेक्षा आपणच आधी बोलून मोकळं व्हावं, हा त्यांचा खाक्या.
"तुमाले तरास नाई देत आमी. उद्यापासून नाई येत पोरगी. तशीबी घरी बाईमाणूस पाह्यजेच."

झालं. मी स्टोव्हजवळ चहा करत होते. दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.
शाळा वाचवायला आलेल्या बाईच्या पायगुणानंच शाळा सुटली, असं वाटलं. मनातल्या मनात मी मॅडमना चार शिव्या दिल्या. खोटं कशाला बोलू?

मॅडमनी भाषण दिलं नाही. मुलगी शिकली प्रगती झाली वगैरे काही नाही. चहा घेतला. आईजवळ बसल्या. मग दारावर लटकलेल्या कासऱ्याकडे बोट केलं.
"बैलाचा कासरा कोण वळते भाऊ?"
"मीच. अर्ध्या गावाचे मीच वळून देतो." बाबा जरा फुलले.
"मग पोरीचं एक काम तुमी घ्या. सकाळची वेणी."

बाबा हसले. मॅडम नाही हसल्या. मला समोर बसवलं, केसांचे तीन पेड केले आणि बाबांच्या हातात दिले.
"कासऱ्यासारखंच हाय. फक्त जीव लावून वढा, बैल नाई हे."
आई खाटेवरून हसता हसता टाके धरून बसली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दोन वेण्या घातल्या. काय सांगू, डोळे ताणले गेले होते माझे. आख्ख्या वर्गात माझ्याइतक्या घट्ट वेण्या कोणाच्याच नव्हत्या.
मी मुद्दाम दारात रेंगाळले. घरी बसायचं ठरलं होतं ना.
बाबा ओरडले, "येवढी वेणी घातली, आता पाह्यते काय? जाय, शाळा भरून राह्यली!"

मॅडमना नेमकं हेच हवं होतं. ज्या माणसानं सकाळी वेणी घातली, तो दहा वाजता पोरीला घरी ठेवूच शकत नाही.
मला उशीर होतो म्हणून मग पाणीही बाबाच भरू लागले.

गावात टिंगल झाली. पारावर कोणी म्हणालं, "का हो, बाईमाणूस झाले काय?"
बाबा म्हणाले, "बैलाचं करतो त हासत नाई. पोरीचं केलं त काऊन हासता?"

आई बरी झाल्यावर तिनं फणी मागितली. बाबांनी दिली नाही. "तुही वेणी ढिली होते."
दहावीच्या शेवटच्या पेपरापर्यंत वेण्या त्यांच्याच हातच्या.

पुढे मॅडम अशाच फिरत राहिल्या. कोणाचा डबा अचानक बंद झाला, कोणी मागच्या बाकावर जाऊन बसलं, की संध्याकाळी मोपेड दारात. पाणी नाकाशी यायच्या आधी.
दोन हजार सालानंतर तर नवे शिक्षकही सोबत जायला लागले. आणि लोक "काय केलं पोरानं" विचारायच्या ऐवजी सरळ चहा टाकायचे.
आता याला अर्ली सपोर्ट म्हणतात म्हणे. ट्रेनिंग असतं. मॅडम म्हणायच्या, "चहा प्यायला जातो आम्ही."

मी आज वर्ध्याला स्टाफ नर्स आहे. पेशंटचा चेहरा बिघडायच्या आधी त्याची उशी नीट करते. ही सवय नर्सिंग कॉलेजची नाही, मॅडमची.

सकाळी फोन आला तेव्हा नाइट ड्यूटी संपत होती. तशीच निघाले, बाबांना घ्यायला गावी. केसांचा कसाबसा बुचडा.
बाबा तयार होऊन अंगणात बसलेले. माझ्याकडे पाहिलं.
"मॅडमकडे अशी जाशीन काय? बस खाली."
मी बसले. त्यांनी फणी हातात घेतली.
"एक घालू का दोन?"
"दोन, बाबा."

पंचेचाळिशीची बाई दोन वेण्या घालून अंत्ययात्रेला आली, म्हणून लोक पाहत होते. पाहू दे.

मॅडम, वेण्या अजून तशाच घट्ट आहेत. डोकं दुखतंय.
तुमच्या दोन्ही विद्यार्थ्यांचा, माझा आणि बाबांचा, शेवटचा नमस्कार.