बुडबुडे दिसले की ओढायचं

मी पोहायला विहिरीत शिकले. मिरजगावच्या पुढं आमचं शेत आहे. तिथली विहीर खोल आणि बांधीव, पण पायऱ्या अर्ध्यातच संपलेल्या. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कमरेला दोरी बांधून मला आत ढकललं तेव्हा मी सात वर्षांची होते. त्यांचे नियम तीनच. पाण्यात श्वास धरायचा. तळाला पाय लागला की लाथ मारून सरळ वर यायचं. तिसरा नियम काठावर दोरी धरून बसणाऱ्यासाठी होता: बुडबुडे दिसले की ओढायचं. बुडबुडे म्हणजे पोराच्या तोंडात पाणी शिरलं. वस्तीवरची निम्मी पोरं आबांनी अशीच शिकवली आणि एकही दगावलं नाही.

पुढं मी शाळेत पीटीची बाई झाले. चव्वेचाळिसाव्या वर्षी सहल घेऊन मालवणला गेले आणि पाठीवर सिलिंडर लावून दहा मिनिटं समुद्राखाली राहून आले. झालं, डोक्यात तेच घुसलं. पर्यटकासारखं कुणाचा हात धरून नाही, आपलं आपण उतरायचं, तेही प्रवाहाची ओढ असलेल्या पाण्यात. एकदा मनात आलं की कुणाच्या बापाचं ऐकायचं नाही, ही माझी जुनी खोड. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच कोर्सला नाव घातलं.

शिकवणारे सर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, कोकणातले, अगदी थंड डोक्याचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. श्वास रोखायचा नाही." खाली आपण दाबाखालची हवा घेतो. ती छातीत कोंडून वर आलं तर फुगते आणि फुप्फुस फाटतं, तीस फुटांवरूनसुद्धा. मी शहाण्यासारखी मान डोलावली. आणि खाली गेल्यावर प्रवाहानं जरा बाजूला लोटलं तशी नळी दातांत आवळून श्वास धरला आणि तळाला लाथ मारली. सरांनी पाय धरला म्हणून वाचले. वर आल्यावर ते चिडले नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. "ही सवय जाईपर्यंत मी तुम्हाला प्रवाहात नेणार नाही," एवढंच म्हणाले.

सवय विहिरीत लागली, तर विहिरीतच मोडू, असं मी ठरवलं. सर पुढच्या महिन्यात सामान घेऊन पुण्याला पोहण्याच्या तलावावर शिकवायला येणार होते. फोन करकरून मी त्यांना शेतावर यायला भरीला पाडलं. जीपमधून सिलिंडर उतरले तेव्हा आबा दोरी घेऊन काठावर हजर. वय अठ्ठ्याहत्तर, पण दोरीची गाठ अजून तीच.

सर म्हणाले, "आबा, दोरी नको."

"माज्या हिरीत दोरीबिगर कुनी उतरत न्हाई," आबा म्हणाले.

शेवटी दोरी बांधायची, पण सैल सोडायची असं ठरलं. मला कधी एकदा पाण्यात उतरते असं झालं होतं. आबांना कुणी काहीच सांगितलं नाही. सरांना आबांचा नियम माहीत नव्हता. मला होता. तरी मी बोलले नाही की या नळीतून श्वास सोडला की बुडबुडे येतातच, ते आलेच पाहिजेत. मला सुचलंच नाही. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आम्ही दोघं कडेकडेनं उतरलो. आबा नंतर म्हणाले, "आदी मला वाटलं बुडबुडे त्या सायबांचे असतील. मग दोरीपाशीच यायला लागले, भसाभसा." तेव्हा मी तीस फुटांवर तळाच्या गाळात गुडघे टेकून बसले होते. पाणी हिरवंकाळं, थंडगार. सर समोर बॅटरी धरून बसले होते आणि मी एका लयीत श्वास सोडत होते. आपल्याला जमलं, असं वाटायला लागलं होतं.

आणि कमरेला दोरी आवळली.

मी क्षणात सात वर्षांची झाले. दोरी ओढली की तोंड मिटायचं, श्वास धरायचा. तसंच केलं. पाण्यात माणसाला वजन कुठलं, मी भराभर वर निघाले. छाती ताणायला लागली, आतून कुणीतरी फासळ्या उकलतंय असं वाटलं. काय होतंय ते मला कळत होतं आणि तरी तोंड उघडत नव्हतं. तेवढ्यात घोट्याला सरांचा हात पडला. ते माझ्याबरोबर ओढले जात वर सरकले आणि त्यांनी माझ्या पोटात बुक्की मारली. हवा सुटली. मग मी पार वर येईपर्यंत ओरडतच राहिले.

नाकातून रक्त येत होतं. बाकी काही झालं नव्हतं. आबा काठावरून वाकून विचारत होते, "पानी गेलं का गं तोंडात?"

सरांनी त्यांना समजावून सांगितलं, हळू आवाजात, काही न लपवता. आबा खाली बसले. तळव्यावर दोरीचे लाल वळ होते, त्याकडं बघत राहिले. "म्हंजी मी मारली असती हिला."

"आबा, चूक माझी आहे. मी सांगायला पाहिजे होतं."

 आबा दुपारी जेवले नाहीत. मला फार लाज वाटली. माझ्या हट्टापायी म्हाताऱ्या माणसाच्या हातून काय घडणार होतं. संध्याकाळी सर निघाले तसे आबा जीपपाशी गेले. "मला बी शिकवा. वर बसनाऱ्यानं काय बघायचं त्ये."

पुण्याचं शिकवणं आटपून सर पुन्हा शेतावर आले. मी गुणगुणत श्वास सोडायला शिकले. आवाज निघत असला की छाती कोंडत नाही. आबा अर्धा तास दोरी धरून बुडबुडे बघत बसले. त्यांनी ओढली नाही.

सुट्टीत मी परत समुद्रावर गेले, तर आबाही आले. होडीत मी त्यांना तीनदा सांगितलं, "प्रवाह आम्हाला लांब नेईल. बुडबुडे दिसेनासे होतील. घाबरायचं नाही. आम्ही खालून सोडलेला नारिंगी फुगा पाण्यावर उभा राहील, तो शोधायचा."

"व्हय, कळलं," ते म्हणाले. हात रिकामे होते, कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

खाली ओढ सरांच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली. नांगराच्या दोराला धरलं तर अंग आडवं होत होतं. सरांनी खूण केली: सोडा. प्रवाहाशी झगडायचं नाही, त्याच्याबरोबर जायचं आणि हवा भरपूर असतानाच वर निघायचं. मी दोर सोडला. खडक भराभर मागं पळायला लागले. छाती आवळत होती. मी मोठ्यानं गुणगुणत होते.

पंधरा फुटांवर थांबून फुगा सोडायचा होता. पहिल्यांदा त्याचा दोरा माझ्याच नळीत गुंतला. सर सोडवत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आबा होते. बुडबुडे असले की लेक जिवंत, हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं. आता वर बुडबुडे नव्हते, फुगाही नव्हता. दुसऱ्यांदा तो सुटला. दाबाखाली अंगात मुरलेला वायू निघून जावा म्हणून तीन मिनिटं तिथंच थांबायचं होतं. ती मी थांबले, पण आयुष्यात एवढी लांब तीन मिनिटं मी पाहिली नाहीत.

होडीवाल्यानं नंतर सांगितलं, बुडबुडे गेले तेव्हापासून आबा होडीची कड धरून बसले होते. फुगा पहिल्यांदा त्यांनाच दिसला.

होडी जवळ आली, आबा वाकले आणि हात पुढं केला. मी तो धरला. त्यांनी ओढलं नाही.

"सावकाश," म्हणाले. "तुजी तू ये."

मी शिडी चढून वर येईपर्यंत त्यांनी हात तसाच धरून ठेवला.