माणसं बसतील एवढा हॉल

शाळेतून निवृत्त झाल्यावर शालनबाई तांब्यांना घर हवं होतं ते एक खोली आणि स्वयंपाकघर, एवढंच. लग्न केलं नाही, मागे कोणी नाही. एकट्या बाईला लागतं किती? मिरजोळ्यात तशी जागा त्यांनी बघूनही ठेवली. चहा उकळेस्तोवर केर काढून होईल म्हणून स्वारी खूश होती. विसार तेवढा द्यायचा राहिला होता.

पण भावजय रेणुका जागा बघायला आली आणि दारातच थबकली. "वन्सं, एक विचारू? उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर माणसं बसायची कुठे? जिन्यात?"

आता सांगा, जित्या माणसाला असं कोणी विचारतं का? पण रेणुकेच्या जिभेला हाड कधी नव्हतंच. आणि घाव बसला तो अगदी वर्मी. शाळेतल्या सोबतीण दमयंतीबाई गेल्या तेव्हाचं पुण्यानुमोदन शालनबाईंनी पाहिलं होतं. इवलीशी खोली, आत बौद्धाचार्य, आणि भावकी खाली पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मधे. वर वंदना चाललेली, खाली लोक मोबाईल बघत उभे. अर्धे तर न जेवताच गेले. जन्मभर दुसऱ्यांच्या दारी पांढरी साडी नेसून जाणाऱ्या शालनबाईंना एकच धास्ती होती: आपल्या वेळी कोणी येईल ना?

झालं! बाईंनी फंडाचा सगळा पैसा ओतला आणि तीन खोल्यांचं घर घेतलं. हॉल हा एवढा! रोज केर काढताना त्या मनातल्या मनात माणसं बसवायच्या. इकडे बायका, तिकडे पुरुष, मधे आपला फोटो. वेडी बाई!

मग रेणुका म्हणाली, "आमच्या गौरवची सोयरीक तुमच्याच हॉलमध्ये ठरवू." शालनबाई हरखल्या. भावकी आली, मुलीकडचे आले, हॉल भरला. चहाचा ट्रे घेऊन बाई बाहेर येतात तो रेणुका मुलीच्या आईला सांगत होती, "ह्या गौरवच्या आत्या. एकट्याच ना, म्हणून आम्हीच ठेवून घेतलंय त्यांना."

बाईंनी ट्रे तसाच मधल्या टेबलावर ठेवला. मुलीचे वडील पक्के मुरलेले. त्यांनी थेट बाईंनाच विचारलं, "आत्याबाई, घर गौरवच्याच नावावर ना?"

गौरव फरशीकडे बघत बसला. भावकीतल्या निम्म्यांना खरं ठाऊक होतं. मेल्यांच्या तोंडून एक शब्द फुटेल तर शपथ. शालनबाईंच्या ओठावर आलं होतं, माझ्या कष्टाचं घर आहे हे, चालते व्हा सगळे! आणि झाले असते की चालते. पुन्हा कधीच आले नसते, कशालाच.

"हो," त्या म्हणाल्या. "गौरवचंच आहे. मी आपली पडून असते एका कोपऱ्यात."

"बघा, किती गरीब स्वभाव," रेणुका कौतुकाने म्हणाली. मग वळून, "वन्सं, चहा गार झालाय हो. दुसरा टाका."