सिरपूरची भिंत आणि दक्षिणेचा चंद्र

निवृत्तीनंतर, म्हणजे फारच उशिरा, मी आकाशाविषयी वाचू लागलो. त्यात एक गोष्ट वाचली आणि स्वस्थता गेली. सुमारे अठरा वर्षांतून एकदा चंद्राची उगवण्याची जागा दक्षिणेकडे शक्य तितकी दूर सरकते, आणि काही प्राचीन नगरांच्या भिंती व रस्ते त्या जागेच्या रोखाने बांधले असावेत, असे अभ्यासक मानतात.

रायपूरहून सिरपूर फार लांब नाही. तेथील जुन्या नगराच्या अवशेषांच्या कडेला, पायापुरती उरलेली एक भिंत इतर भिंतींशी फटकून तिरकी गेलेली मी पाहिली होती. होकायंत्र लावले, तेव्हा ती त्याच दिशेला जात असावी असे वाटले. हे कुणा जाणकाराला सांगण्याचे धैर्य मला नव्हते. योग मात्र आला होता, आणि पुढच्या योगाला मी असेन की नाही, कोण जाणे. एकदा डोळ्यांनी पाहायचे, एवढेच मनाने घेतले.

पौर्णिमेचा चंद्र ज्येष्ठाच्या सुमारास सर्वांत दक्षिणेला उगवतो, म्हणून त्या पौर्णिमेला मुलीने गाडी काढली, पत्नीही आली. चंद्रोदयाची वेळ मी घरच्या दिनदर्शिकेतून घेतली होती. रायपूरच्या आम्हा मराठी लोकांच्या घरांत ती महाराष्ट्रातून येते आणि तिच्यातल्या वेळा मुंबईच्या असतात. संकष्टीला आम्ही त्याच वेळेवर उपास सोडतो. चूक कधी जाणवत नाही, कारण शेजारच्या इमारतींवर चंद्र यायला तेवढा उशीर होतोच. प्रत्यक्षात येथे तो अर्ध्या तासाहून अधिक आधी उगवतो, हे इतके वाचूनही मला सुचले नाही. वाटेत चहाला थांबू या, असेही मीच म्हणालो.

भिंतीसमोरच्या शेताच्या बांधावर मुलगी पुढे पोहोचली.

"बाबा, चाँद तो कब का निकल आया."

चंद्र भिंतीपासून बराच वर आणि उजवीकडे गेला होता. मी बांधावर नुसत्या येरझारा घालू लागलो.

"काहून इतके बेचैन होऊन राहिले?" पत्नीने विचारले. मी अठरा वर्षांचा हिशेब सांगितला.

"मंग अठरा वर्षांनी येऊ. आज सकाळी वडाले उगीच सूत गुंडाळलं का मी?"

मुलगी हसली. मला हसता आले नाही. कुणाकडे काही मागणे मला जन्मभर जड गेले. त्या दिवशी मात्र परतताना मुलीला म्हणालो, उद्या पुन्हा आणशील का? एका दिवसाने फारसे बिघडणार नव्हते.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही पुष्कळ आधी पोहोचलो. अंधार पडला आणि क्षितिजावर तांबूस कड दिसली. हात लांबवून मी बोट उभे धरले. भिंतीची रेषा आणि चंद्र यांत एका बोटाचे अंतर होते.

"झालं न समाधान?" पत्नी म्हणाली.

अंतर त्या एका दिवसाचे, माझ्या होकायंत्राचे, की भिंत बांधणाऱ्याच्या मनात चंद्र नव्हताच? मला हो म्हणता आले नाही. आजही येत नाही.