पेशीत कोण शिरलं, कोण अडलं

तुम्ही काय शिकवता असं कोणी विचारलं आणि मी ‘बायोकेमिस्ट्री’ म्हटलं, की समोरचा माणूस आधी पंख्याकडे बघतो आणि मग हवापाण्यावर बोलायला लागतो. यात काही घडत असेल असं कुणाला वाटतच नाही! पण जबलपूरच्या आमच्या छोट्या कॉलेजात इतकी वर्षं प्रोटीन आणि पेशी शिकवून माझ्याकडे जे साठलंय ते आता डोक्यात मावत नाही. घरी सांगायला गेलं तर नवरा म्हणतो, "हा किस्सा झाला सांगून." म्हणून आता तुम्ही ऐका.

*

मी कॉलेजात नवीन होते तेव्हाची गोष्ट. कॉन्ट्रॅक्टवर होते आणि त्याच महिन्यात ते पुढे वाढवायचं की नाही हे ठरणार होतं.

वर्गात पेशीचं आवरण, म्हणजे मेम्ब्रेन, चालू होतं. फळ्यावर कितीही काढलं तरी पोरांचे चेहरे कोरेच. शेवटी सगळ्यांना कॉरिडॉरमध्ये नेलं. दोन रांगा केल्या, खांद्याला खांदा. म्हटलं, हे मेम्ब्रेन. ऑक्सिजन लहान, तो फटीतून निघून जातो. ग्लुकोज मोठा, त्याला प्रोटीनचं दार लागतं. आणि ज्याच्यावर चार्ज आहे त्याला तर दाराशिवाय सोडायचंच नाही.

बारीकशी निधी ऑक्सिजन झाली आणि सुळकन पार गेली. धिप्पाड शुभम ग्लुकोज झाला आणि मधेच अडकला. पोरं हसून हसून वाकली.

तेवढ्यात प्रिन्सिपल आले. पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन होतं, त्यामुळे साहेब सकाळपासून दिसेल त्याच्यावर ओरडून राहिले होते. त्यांची केबिन रांगेच्या पलीकडे.

"ये क्या तमाशा है? हटो, जाने दो!"

रांग जागची हलेना. आणि तिच्यातून एक आवाज आला, "सर, आप साइज़ में भी बड़े हैं और सुबह से चार्ज्ड भी हैं. ऐसे नहीं जा सकते!"

कॉन्ट्रॅक्ट गेलं, मी मनात म्हटलं. साहेबांनी त्या पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. टाय सरळ केला.

"अच्छा. तो मेरा दरवाज़ा कौन सा है?"

दार झालेल्या सौरभने कमरेत वाकून वाट दिली. साहेब ऐटीत पार गेले! कॉन्ट्रॅक्टही वाढलं.

*

व्हायवाच्या दिवशी वर्गातला सगळ्यात घाबरट मुलगा म्हणजे हर्ष. वडील बांधकामाचे ठेकेदार, तेव्हा रिछाई भागात त्यांचं काम चालू होतं. दोनदा नापास झालेला, ही शेवटची संधी. बाहेरून आलेले एक्झामिनर नाकावर चष्मा ठेवून बसलेले.

एन्झाइमवर एक खास जागा असते, तिथे रेणू येऊन बसतो आणि काम होतं. तिला ॲक्टिव्ह साइट म्हणतात. सरांनी तेच विचारलं, "बताओ, एक्टिव साइट कहाँ होती है?"

हर्षच्या कपाळाला घाम. "सर, अभी तो रिछाई में चल रही है."

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

एक्झामिनरनी चष्मा काढून पुसला आणि ती जागा अडवणाऱ्या रेणूवर आले. "अच्छा, और कॉम्पिटिटिव इनहिबिटर?"

हर्षचा चेहरा एकदम उजळला. "सर, वो दूसरा ठेकेदार, जो जगह घेर के बैठ जाए, खुद काम न करे और हमको भी न करने दे!"

एक्झामिनर बराच वेळ हसत राहिले. "पास," ते म्हणाले, "इससे अच्छा तो किताब में भी नहीं लिखा." त्या दिवशी संध्याकाळी हर्षचे वडील मिठाई घेऊन आले. साइटवरूनच आले होते, बुटाला सिमेंट तसंच.

*

आईला एकदा मी कुलूप-किल्लीचा सिद्धांत सांगत होते. आमचं घर महाराजपूरला. आई तांदूळ निवडून राहिली होती. म्हटलं, "आई, आधी वाटायचं प्रोटीन म्हणजे कुलूप, रेणू म्हणजे किल्ली. पण आता कळलं की रेणू जवळ आला की प्रोटीनही थोडं वळतं, त्याच्यासाठी जागा करून देतं."

आई थांबली. "म्हणजे कुलूपच सोताचं तोंड वळवते?"

"हो."

"मंग तुया बाबासारखं नाही ते," ती म्हणाली आणि परत तांदळाकडे वळली.

बाबा आतून ओरडले, "काहून नाव घेऊन राहिली माझं?"

*

ऑस्मॉसिसचं प्रॅक्टिकल अंड्यावर छान होतं, पण आमच्याकडे अर्धी मुलं अंड्याला हात लावत नाहीत. म्हणून मी किसमिस ठेवते. पाण्यात टाकली की तिच्या सालीतून पाणी आत शिरतं आणि ती टम्म फुगते.

तासाच्या शेवटी श्रुतीची वाटी रिकामी.

"पानी कहाँ गया?" मी विचारलं.

"मैडम, किशमिश के अंदर."

"और किशमिश?"

ती खाली मान घालून म्हणाली, "मेरे अंदर."

पूर्ण मार्क दिले!

*

आमचे एचओडी दुबे सर कधी सुट्टी घेत नाहीत. त्यामुळे मे महिन्यात एक दिवस ते आलेच नाहीत, फोनही उचलला नाही, तेव्हा मी आणि माझी सहकारी फरीदा मॅडम सरळ त्यांच्या घरी गेलो.

सर पलंगावर पडलेले. कुठल्याशा लग्नातलं जेवण बाधलं होतं. रात्रीपासून जुलाब, ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. उठायला गेले आणि तसेच मागे पडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

भाभीजी रडकुंडीला आल्या होत्या. "डॉक्टर ने फोन पर कहा, ओआरएस दो और बीच-बीच में शुगर नापती रहो. ये पीते ही नहीं! कहते हैं इसमें शक्कर है. बस नमक का पानी पी रहे हैं, और वो भी निकल जाता है."

"मैं डायबिटिक हूँ," सर पुटपुटले. "शक्कर नहीं."

मी समजावलं. भाभीजींनी हात जोडले. सर तोंड फिरवून पडून राहिले.

फरीदा मॅडम पलंगाजवळ स्टूल ओढून बसल्या. हळूच विचारलं, "सर, एक डाउट था. आँत में सोडियम अंदर कैसे जाता है?"

सरांचे डोळे मिटलेलेच होते. पण आवाज वर्गातला झाला. "को-ट्रांसपोर्ट. एक ही प्रोटीन सोडियम और ग्लुकोज़ को साथ पकड़ता है, साथ अंदर छोड़ता है. पीछे-पीछे पानी जाता है. अब अगर ग्लुकोज़ न हो तो वो दरवाज़ा..."

सर थांबले. एक डोळा उघडला. आधी फरीदा मॅडमकडे पाहिलं, मग मिठाच्या पाण्याच्या ग्लासाकडे.

"लेकिन वो तो सिलेबस की बात है!" ते म्हणाले.

भाभीजींनी तोपर्यंत ओआरएसचा ग्लास त्यांच्या ओठाला लावला होता. सर घोट घोट प्यायले. भाभीजी मशीनवर शुगर बघत होत्या, डॉक्टरांना फोनवर सांगत होत्या. दिवस कलता कलता सर उशीला टेकून बसले आणि चहात आलं कमी आहे म्हणून कुरकुरले. तेव्हा कुठे मी आणि फरीदा मॅडमनी एकमेकींकडे पाहून श्वास सोडला. गेटबाहेर आल्यावर फरीदा मॅडम स्कूटीला किल्ली लावायची सोडून हसत आणि डोळे पुसत उभ्या!

*

आता प्रणालीचं सांगते.

प्रणाली आमची सेकंड इयरची विद्यार्थिनी, घमापूरची. आजोबा भंडाऱ्याकडून फॅक्टरीच्या नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. माझ्याशी ती अर्धी मराठी, अर्धी हिंदी बोलते.

जानेवारीतली गोष्ट. थंडी मरणाची. त्या दिवशी मी वर्गात हिमोग्लोबिन शिकवलं. रक्तातलं हे प्रोटीन ऑक्सिजनला बसायला जागा देतं आणि अंगभर फिरवतं. पण कोंडलेल्या खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो त्याच जागेवर येऊन बसतो आणि ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरून ठेवतो. उठतच नाही. माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि सगळ्यांना वाटतं थकवा आहे.

प्रणाली दुपारी घरी गेली. तिची वहिनी नुकतीच बाळंत झाली होती. बाळंतिणीच्या खोलीची दारं-खिडक्या बंद, फटीत कापड कोंबलेलं आणि खाटेखाली कोळशाची शेगडी.

"वहिनी, कशी आहेस?"

"डोकं फुटून राहिलं," वहिनी कशीबशी म्हणाली. "सकाळपासून उलटीसारखं होते."

आजी दारात होती. "बाळंतपणाचा थकवा हाय. झोपू दे तिले."

प्रणालीने बाळाला उचललं. एरवी हात लावला की किंचाळणारं बाळ तिच्या हातात नुसतं लोंबलं.

तिने बाळ भावाच्या हातात कोंबलं, "अंगणात जा!" म्हणून ओरडली आणि खिडकी उघडली. वहिनीला काखेत धरून बाहेर ओढलं. मग परत जाऊन शेगडी चिमट्याने धरून अंगणात नेली.

आजी मागून धावली. "पागल झाली का वं? वारं लागन लेकराले!"

"आजी, त्याच्या हिमोग्लोबिनवर दुसरंच कोणीतरी बसलंय!"

आजी जागच्या जागी थबकली. "कोन बसलं?"

सांगायला वेळ नव्हता. शेजारच्या भैयांच्या ऑटोत घालून दोघांना हॉस्पिटलात नेलं. प्रणालीने डॉक्टरांना बंद खोली आणि शेगडी एवढंच सांगितलं, त्यांनी लगेच ऑक्सिजन लावला. वहिनीने हळूहळू डोळे नीट उघडले. बाळ मात्र गप्प. प्रणाली सांगत होती, "मॅडम, तितका वेळ मी देवालाही काही मागितलं नाही, बस त्याच्या तोंडाकडे बघून राहिले."

आणि मग ते रडलं. असं रडलं की वॉर्डातल्या बाकीच्या बायका उठून बसल्या! भाऊ भिंतीला टेकून खाली बसला. डॉक्टर म्हणाले, "अच्छा हुआ, जल्दी ले आए."

दोघं सुखरूप घरी आले. काही दिवसांनी आजी प्रणालीचा हात धरून कॉलेजात आली. पांढरं लुगडं, पायात नवे मोजे, पिशवीत तिळाचे लाडू. स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसली, माझा हात दोन्ही हातांत घेतला. डोळे भरलेले. माझेही भरले.

मग तिने प्रणालीला पाणी आणायला पाठवलं. दार लोटलंय ना, पाहून घेतलं. खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, आमच्या गल्लीत अजून एकीवर बसलं हाय. चांगली जवान पोरगी, पन सासूचं नाव काढलं की घुमते. कधी आनू तिले?"