तीन तास… आणि टक टक टक

आधीच सांगते, मी लॅब टेक्निशियन आहे — मायक्रोस्कोपखाली दिसत नाही ते माझ्यासाठी नसतंच. होस्टेलवर भुताच्या गोष्टी सुरू झाल्या की मी घोरायला लागायचे! पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाहीये…

पनवेलला एसटी स्टँडजवळ आमची छोटी लॅब. यीस्टची, म्हणजे बुरशीची, जात ओळखायच्या महागड्या रंगीत प्लेट्स परवडत नाहीत. म्हणून लॅबमधल्या जुन्या टेक्निशियन शकूमावशींनी शिकवलेली स्वस्तातली टेस्ट — उरलेल्या सीरममध्ये, म्हणजे रक्तावरच्या पिवळसर पाण्यात, यीस्टचा कण टाकून इनक्युबेटरमध्ये ठेवायचा, दोन-तीन तासांत शेपटी फुटली तर अल्बिकन्स, ही सगळ्यात नेहमीची जात. "पोरी, तीन तासांच्या वर नाय हां! मंग भलत्यालाबी शेपटी फुटती," म्हणत मावशी टेबलावर पेन्सिल आपटायच्या — टक टक टक. गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला. तेव्हापासून उलव्याला घरी, अंथरुणात. बोलणं बंद.

त्या गुरुवारी सातव्या महिन्यात जन्मलेल्या एका बाळाच्या रक्तात यीस्ट निघालं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "अल्बिकन्स असेल तर आहे तेच औषध चालू ठेवतो. नसेल तर आजच बदलायला हवं. लवकर सांग गं."

पावणेअकराला टेस्ट लावली… आणि सॅम्पल्सच्या गर्दीत चक्क विसरले!! डबा उघडला, पहिला घास हातात — टक टक टक. माझ्याच टेबलावर. खोलीत कुणीच नाही. घड्याळात एक चाळीस — तीन तास भरायला पाचच मिनिटं.

धावले. स्लाइड बघितली — शेपटी नाही. एकालाही नाही! लगेच फोन केला, औषध बदललं. मग मुद्दाम तीच ट्यूब चार वाजता परत बघितली… शेपट्याच शेपट्या! आरामात जेवून बघितलं असतं तर अल्बिकन्स सांगून मोकळी झाले असते.

शनिवारी जात पक्की करायला तांदळाच्या पेजेवर बनवलेल्या प्लेटनेही तेच सांगितलं — अल्बिकन्स नाही. आणि बाळाचा ताप उतरला होता.

रविवारी पेढे घेऊन उलव्याला गेले. मी तोंड उघडायच्या आधीच मावशींची सून म्हणाली, "गुरुवारी काय झालं ठाव हाय? दुपारी दीड-पावणेदोनला आईंनी चमचा घेतला नि खाटेवर ठोकत बसल्या. वर तीन बोटं दाखवतायत! आमी तीन भाकऱ्या आनल्या, तर रागानं ताट सारलं."

मी मावशींच्या जवळ बसले. "मावशी, वेळेत बघितली हो… बाळ बरं आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि चमचा माझ्या डोक्यावर हळूच टेकवला. टक.

योगायोग म्हणाल… म्हणा. आता मोबाइलवर अलार्म लावते — पण मावशींची पेन्सिल टेबलावरून हलवू देत नाही कुणाला.