गाडीत दोष नाही

सर्व्हिस सेंटरच्या ॲडव्हायझरनं आधी खिशातून मास्क काढला. कानांना अडकवला. नाकावरची पट्टी दाबून बसवली. मग माझ्या गाडीचं दार उघडलं.

माझ्या आधी एका डॉक्टरीणबाईंची गाडी होती. तिच्यात तो तसाच बसला होता, मोकळ्या तोंडानं, हसत, 'मॅम, मॅम' करत. माझ्या गाडीपाशी आला आणि मास्क. आत बसलाच नाही. बाहेरूनच वाकून दोन बोटांनी एसी चालू केला, मेलेली पाल उचलावी तसा, आणि मागं सरकला.

"सर, गाडीत काय ठेवता तुम्ही?"

"काय न्हाई."

"नाही म्हणजे... कामाचं काही? पाईप, कपडे वगैरे?"

माझी बायको सुनीता शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हसलो. हे आधीच सांगून टाकतो. तो माझ्या तोंडावर मला घाण म्हणत होता आणि मी हसलो.

मी संडासाच्या टाक्या उपसतो. नगर शहरात, एमआयडीसीत, तिकडं श्रीगोंद्यापर्यंत माझे तीन टँकर फिरतात. टाकी भरली की लोक फोन करतात. घरं, हॉटेलं, दवाखाने, मंगल कार्यालयं. माझी आई कर्जतला गटारी काढायची. बाप टाकीत उतरायचा, अंगाला तेल चोपडून, कमरेला दोरी बांधून. मी मशीन आणलं. आज माझा एकही माणूस टाकीत उतरत नाही. त्याचा जेवढा अभिमान मला आहे तेवढा कुठल्याच गाडीचा नाही.

गाडी हौसेनं घेतली. लोक विचारतात, एवढी भारी कशाला? पुढाऱ्याच्या पोराला कुणी असं विचारत नाही. मला रस्त्यात थांबवून विचारतात. आवडली म्हणून घेतली. यापेक्षा जास्त कारण मी कुणाला देणं लागत नाही.

घेतली त्या दिवशी पुणे रोडच्या त्या शोरूममध्ये माझ्याइतका मोठा माणूस नव्हता. गाडीवरचं लाल कापड आम्हा दोघांना ओढायला लावलं. केक कापला. माझ्या हातात पुठ्ठ्याची हातभर चावी दिली आणि फोटो काढला. फॉर्म भरताना विकणाऱ्या पोरानं विचारलं, "सर, बिझनेस कुठला लिहू?"

मी म्हणालो, "पर्यावरण सेवा."

"वा सर! ग्रीन बिझनेस!"

घरी येताना गाडीत सुनीता म्हणाली, "खरं का न्हाई सांगितलं?" मी गाण्याचा आवाज वाढवला.

दुसऱ्या महिन्यात वास सुरू झाला. उन्हाळा लागला होता. एसी लावला की पाच मिनिटांत कुबट वास यायचा, ओलं गोणपाट कोपऱ्यात आठ दिवस पडल्यावर येतो तसा. पहिल्यांदा नेली तेव्हा आत सेंट मारून परत दिली. दुसऱ्यांदा नेली, चार दिवस ठेवून घेतली. आरशाला सुगंधी कागदाचं झाड लटकवलं आणि दिली. गावात शिरेपर्यंत वास परत.

वासातलं मला कळतं. माझं पोट त्यावर चालतं. कुठलं पाणी साचलंय, कुठलं सडलंय, कुठला पाईप तुंबलाय, हे मी झाकण उघडायच्या आधी सांगतो. दुसऱ्या खेपेला मी याच सर्व्हिस ॲडव्हायझरला सांगितलं होतं, नीट, हळू आवाजात, "शेजारच्या सीटखाली पाणी मुरतंय. एसीचं पाणी भाईर टाकनारी नळी आसती, ती निसटली आसंल. तेवढी बघा."

तो गालात हसला. "सर, ही गाडी कॉम्प्युटर तपासतो. तसं असतं तर स्क्रीनवर आलं असतं."

तोवर मी त्यांच्यासाठी 'सर' तरी होतो. मग त्यांचीच टाकी भरली.

फोन आमच्या नंबरवर आला. त्या दिवशी माझा ड्रायव्हर रजेवर होता, म्हणून मीच टँकर घेऊन गेलो. शोरूमच्या मागच्या बाजूला झाकण उघडलं, पाईप सोडला, मशीन चालू केलं. तेवढ्यात हाच ॲडव्हायझर नाकाला रुमाल लावून बाहेर आला. टँकरकडं पाहिलं. पाईपकडं पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं.

"सर... तुम्ही?"

"व्हय. माझाच टँकर हाय."

तो आत गेला. काचेतून मला तीन डोकी वळलेली दिसली. एकानं नाक चिमटीत धरलं. बाकीचे हसले. त्यांचंच शौचकूप, त्यांचाच मैला, माझ्या पाईपातून चालला होता, आणि वास माझा.

म्हणून तिसऱ्या खेपेला तो मास्क.

गाडी वर्कशॉपमध्ये गेली. आम्हाला काचेच्या खोलीत सोफ्यावर बसवलं. डॉक्टरीणबाईंना कपबशीतून कॉफी आली. आमच्याकडं कुणी फिरकलं नाही. थोड्या वेळानं साफसफाईच्या मावशी आल्या, हातात फवाऱ्याची बाटली. आमच्यापाशी येऊन घुटमळल्या. मान खाली घालून म्हणाल्या, "मारू का जरा? सायबांनी सांगितलंय."

फवारा कुठं मारायचा होता? सोफ्यावर. आम्ही बसलो होतो तिथं.

सुनीता पाय बाजूला घेत म्हणाली, "मारा मावशी. तुमचा काय दोष त्यात."

मावशींनी दोन फवारे जमिनीवर मारले आणि पळाल्यासारख्या गेल्या. इतकी वर्षं मैल्यात काम करतोय, कधी ओकारी आली नाही. त्या लिंबाच्या वासानं आली.

दीड तासानं ॲडव्हायझर जॉबकार्ड घेऊन आला. गाडीचं काय केलं ते लिहिलेला कागद. "सर, इथं सही करा." कागद इंग्रजीत. मला इंग्रजी अडखळत येतं. सुनीता बारावी झालीय, पोरांच्या शिकवण्या घेते. तिनं कागद ओढून घेतला. वाचता वाचता थांबली. परत वाचलं. मग मोठ्यानं, वर्गात वाचून दाखवावं तसं, मराठीत सांगितलं, "ग्राहकाच्या व्यवसायामुळे दुर्गंधी. गाडीत दोष नाही."

खोलीतली माणसं फोनमधून वर बघायला लागली.

ॲडव्हायझर म्हणाला, "मॅम, ते फक्त आमच्या रेकॉर्डसाठी असतं."

रेकॉर्डसाठी. म्हणजे मी मेल्यावरही ते तिथं राहणार. गाडीच्या नंबरापुढं, माझ्या नावापुढं. हा माणूस वास मारतो. दोष याच्यात आहे.

लोक मला लांबून हाका मारतात. टाकी उपसून झाल्यावर हात धुवायला वरून पाणी ओततात, नळाला हात लावू देत नाहीत. एका बंगल्यात बाईंनी मी बसलेली प्लास्टिकची खुर्ची माझ्यादेखत गेटाबाहेर ठेवली होती. दर वेळी मी हसलो. धंदा आहे, म्हणायचो, आपल्याला काय. पण त्या दिवशी तो कागद बघताना मला दुसरंच आठवलं. 'पर्यावरण सेवा.' यांनी मास्क आत्ता लावला. मी तर पहिल्याच दिवशी, केक खाताना, माझ्याच कामाला नाक मुरडलं होतं. माझ्या बापाच्या कामाला. यांना वाट मीच दाखवली.

यांची किळस आलीच. पण आधी माझी आली.

मी उठलो. वर्कशॉपच्या दाराकडं चाललो.

"सर, कस्टमरला आत परवानगी नाही. सर!"

मी गेलो. सुनीता मागून आली, फोनवर चित्रीकरण चालू करून. गाडी लिफ्टपाशी उभी होती. शेजारी एक वयस्कर मेकॅनिक होते, त्यांना सगळे मामा म्हणत. मी शेजारच्या सीटचं दार उघडलं, पायाखालचं मॅट बाहेर फेकलं, गालिच्याची कड धरली आणि सगळा जोर लावून उपटली. खालचा जाड फोम वर आला. काळा पडलेला. मी तो दोन्ही हातांनी पिळला.

पाणी पडलं. बादलीभर नसेल, पण त्या चकचकीत फरशीवर ते पसरत गेलं, पिवळट, बुरशीचे ठिपके घेऊन, पार ॲडव्हायझरच्या बुटापर्यंत. तो मागं उडाला.

तेवढ्यात मॅनेजर धावत आले. "काय चाललंय हे? प्रॉपर्टी डॅमेज करताय तुम्ही!"

"गाडी माझी हाय," मी म्हणालो. ओले हात त्यांच्यापुढं धरले. "हुंगा."

"हे बघा, सर..."

"हुंगा म्हनलं. मैला असा वास मारत न्हाई सायेब. मला इचारा ना, मला म्हायती. हा एसीच्या पान्यात सडलेला फोम हाय. तुमच्या गाडीचा. ह्यो वास माझा न्हाई."

कुणी हुंगलं नाही. मग मामा खाली बसले, बॅटरी मारून डॅशबोर्डखाली पाहिलं, हात घातला. बाहेर काढला तर बोटात एक काळी रबरी नळी लोंबत होती.

"बसलेलीच न्हाई ही," ते म्हणाले. "पहिल्यापास्नं. पानी सगळं आतच चाललंय."

मॅनेजरांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की मामा उठून बाजूला झाले. पण बोलायचं ते बोलून झालं होतं आणि सुनीताच्या फोनात गेलं होतं.

मग माझा परत 'सर' झाला. मॅनेजरांची केबिन. कॉफी, कपबशीतून. आम्ही हात लावला नाही. "गैरसमज झाला सर. आपण नवा गालिचा टाकू, आतून सगळी गाडी धुऊन देऊ, पुढच्या वर्षाचं सर्व्हिसिंग आमच्याकडून. फक्त समाधानी असल्याची एक सही द्या."

"आनि ती ओळ?"

"कुठली?"

"माझ्या धंद्यामुळं वास मारतो ती. ती खोडा. खोटं लिवलं हुतं असं खाली लिवा, सही करा, शिक्का मारा."

मॅनेजर हसले. माझ्यासारखंच, पडतं घेऊन. "ते सिस्टीममध्ये गेलंय सर. आता निघत नाही. आणि ते कोण वाचतंय? गाडी ठीक होतेय ना तुमची?"

"मग माझी सही पन न्हाई."

"सर, एवढ्या छोट्या गोष्टीसाठी..."

सुनीता म्हणाली, "छोटी असती तर लिवली कशाला?"

आम्ही उठलो. गाडी आहे तशी, गालिचा उपटलेली, तिथंच ठेवली. तपासणीला तज्ज्ञ घेऊन येईपर्यंत हात लावायचा नाही असं मी मराठीत लिहून दिलं, पोच घेतली. घरी जायला रिक्षा मिळाली असती. मी टँकर बोलावला. शोरूमच्या पुढच्या दारात, फुलांच्या कुंड्यांमध्ये, तो उभा राहिला. सुनीता लग्नानंतर कधी त्यात बसली नव्हती. मीच बसू देत नव्हतो. त्या दिवशी ती साडी सावरून वर चढली आणि मला म्हणाली, "सरका की वाईच."

तिसऱ्या दिवशी नगरसेवकांचा फोन आला. मॅनेजर त्यांच्या ओळखीचे. "अरे, देतायत ना सगळं फुकट? मिटव. कशाला त्या लोकांच्या नादी लागतो. धंद्यात माणसं लागतात आपल्याला." मी म्हणालो, माणसंच बघतोय.

मामांना गाड्या धुवायच्या कामाला लावल्याचं कळलं. तीस वर्षं हेच काम केलेला मेकॅनिक. मी फोन केला. म्हणालो, मामा, माझ्यामुळं झालं.

"तुझ्यामुळं न्हाई," ते म्हणाले. "म्या डोळ्यानं बगितलं ते बोललो. लागलं तर तिथं येऊन पन बोलंन."

तिथं म्हणजे ग्राहक आयोगात. तक्रार दाखल केलीय. अर्जात व्यवसायाची जागा होती. वकिलांनी विचारलं, काय लिहू? मी पेन मागून घेतलं आणि स्वतः लिहिलं: संडासाच्या टाक्या उपसणे. जरा मोठ्या अक्षरात आलं. येऊ दे.

आता शोरूमचा वकील तडजोड घेऊन येतो. दर वेळी काहीतरी वाढवून. माझे वकीलही म्हणतात, घ्या, असं रोज मिळत नाही, तारखांना अंत नसतो. त्यांना मी एकच सांगितलंय. गालिचा नको. गाडी बदलून नको. भरपाई नको. ज्यानं ती ओळ लिहिली त्यानं आणि ज्यानं ती ठेवली त्यानं, दोघांनी माझ्यासमोर उभं राहायचं, तोंडावर काही न बांधता, आणि मोठ्यानं म्हणायचं की आम्ही खोटं लिहिलं. तेवढंच पाहिजे. त्यापेक्षा कमी घेणार नाही. सकाळी टाकी उपसून येईन, त्याच कपड्यात येईन, आणि दर तारखेला पहिल्या बाकावर बसेन.