आईला न कळलेली पदं

कृष्णराजनगरच्या एका भातशेतीच्या दाव्यात मी टेबलावर बोटांनी ताल धरला, तेव्हा न्यायाधीश म्हणाले, "वकीलसाहेब, हा ठेका कोणत्या कलमाखाली?" अशिलासकट सगळं कोर्ट हसलं. त्याच आठवड्यात मी काळा कोट उतरवला आणि संगीत नाटकं रचायला बसलो. म्हैसुरात, आणि तीही मराठीतून! नातेवाइकांनी माझ्या डोक्याची रीतसर चौकशी केली.

आई मात्र खूश. आमचे पूर्वज राजाच्या घोडदळात इकडे आले; घोडे गेले, मराठी उरली, तीही निम्मी कन्नड. आईनं जन्मभर कन्नड नाटकं पाहिली. तिचं मागणं एवढंच, "एकदा आपल्या घरच्या बोलीतलं नाटक पुढं बसून ऐकते रे. मग सुम्ने, गुमान मरते, तक्रार नाही."

मी काय केलं? पुण्याकडच्या जुन्या तबकड्या ऐकून ऐकून पदं लिहिली. जिकडे तिकडे विरहानल. आमच्या अग्रहार पेठेतल्या घरात विरहानल कधी कुणी पेटवला नव्हता, चूल पेटायची.

पहिल्या प्रयोगाला आई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत, मी पेटीवर. ती ताठ बसून होती. शेजारणी हसल्या की हसायची. परतताना ऑटोत मी विचारलं, "कसं वाटलं?"

"छान. तू कोर्टात बोलायचास ना, तसंच."

"म्हणजे?"

"गोत्तागलिल्ला रे. काही म्हणजे काही कळलं नाही. पण तू बरोबरच असशील."

ऑटोवाल्याला मराठी येत नव्हती, पण 'गोत्तागलिल्ला' कळलं. तो आरशातून माझ्याकडे बघून हसला.

दुसऱ्या दिवसापासून मी पेटी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसलो. आई माझ्या बायकोवर कुरकुरायची, ती कुरकुर मी चालीत बांधायचो. "हे काय पद झालं? लोक दगड मारतील!" म्हणायची आणि पुढची ओळ स्वतःच जोडायची. असे दोन अंक झाले. मग तिला धाप लागू लागली, आणि ती गेली. सुम्ने नाही, शेवटपर्यंत विचारत होती, "तालीम कधी रे?"

प्रयोग झाला. तिची खुर्ची मी रिकामी ठेवली नव्हती. असली नाटकं तिला खपली नसती. तिथं एक जाडजूड गृहस्थ बसले आणि तिच्या कुरकुरीला इतके हसले की खुर्ची करकरली.

तिसरा अंक मी एकट्यानं लिहिला होता. तो सुरू झाला, आणि गृहस्थ घड्याळ बघू लागले.